तिसऱ्यांदा विचारीपर्यंत

गोठ्यातल्या नालीत शेण दगडासारखं थिजलं होतं आणि आर्डिस क्वाले पहारीनं ते फोडत होती. फेब्रुवारीत मिनेसोटाची थंडी अशीच असते. दुपारच्या उन्हानं छपरावरचं बर्फ जरा ठिबकतं, माणसाला वाटतं आता सुटलो, आणि सकाळी उठून बघावं तर सगळं पुन्हा कडक. आर्डिसनं सत्तरी ओलांडली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत खंडानं दिलेलं, पण चार गाई तिनं हट्टानं ठेवल्या होत्या. पहारीच्या दर घावाला ती असा एकेक शब्द काढत होती, की चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना तिच्या तोंडून तो कुणी कधी ऐकला नसता.

अंगणात पिकअप थांबली आणि डार्ला पेहाचेक उतरली. डार्ला म्हणजे व्हेस्बी टाउनशिपची, तिथल्या ग्रामपंचायतीचीच म्हणा, नवी चिटणीस. जुना चिटणीस एर्लिंग पानगळीत जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात राहायला गेला, तेव्हा त्याचं काम डार्लाच्या गळ्यात पडलं. चाळिशीची बाई, खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब ठेवायची, सून म्हणून या गावात आलेली. बोलायला एक घाव दोन तुकडे.

"आर्डिसबाई, मार्चात गावची निवडनूक हाय. मतदानाच्या टेबलावर बसायला तीन पंच लागत्यात. तुमी दरसाल बसता म्हनं. औंदा बसनार का?"

आर्डिस मनातून हरखली. नवं वर्ष लागल्यापासून ती याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं पहार भिंतीला टेकवली, हातमोजा काढला आणि गावच्या रीतीप्रमाणं तोंड वाकडं केलं.

"आगं, आता कुठं मला. नजर बी धड ऱ्हायली न्हाई. दुसऱ्या कुनाला तरी दे."

"बरं," डार्ला म्हणाली. "सांगितलंत ते झ्याक झालं. मला वाटलंच हुतं, या वयात तुमाला कशाला तरास. बघते दुसरं कुनीतरी."

आणि पिकअप गेली सुद्धा. आर्डिस एका हातात हातमोजा धरून धुराकडे बघत राहिली.

आता यात चूक कुणाची म्हणाल, तर व्हेस्बीचीच. या गावात पहिलं 'नको' म्हणजे 'नको' नव्हे. पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. पुन्हा विचारली की कशाला उगीच म्हणतो. तिसऱ्यांदा विचारली की अर्धा कप चालेल म्हणतो, आणि मग किटली रिकामी करून उठतो. नॉर्वेहून बोटीनं आलेल्या आजोबा-पणजोबांनी एवढी एकच वस्तू न हरवता आणली आणि नातवंडांनी ती फुलासारखी जपली. पोटात एक आणि ओठात एक, आणि याला नाव काय, तर नम्रता.

एर्लिंगला हे सगळं पाठ होतं. दरसाल तो यायचा, टोपी काढून स्वयंपाकघरात बसायचा, हवेपाण्याचं बोलायचा, मग विचारायचा. आर्डिस म्हणायची, नको. तो गाईंची चौकशी करायचा आणि पुन्हा विचारायचा. ती म्हणायची, बघू. तो उठायचा, दारात जाऊन वळायचा आणि म्हणायचा, तुझ्याशिवाय जमनार न्हाई, आर्डिस. मग ती सुस्कारा टाकायची, जसं काही गावानं तिच्या पाठीवर धान्याचं पोतं दिलंय, आणि म्हणायची, आता तू एवढं म्हनतोयस तर. तो गेला की मात्र त्याच दिवशी निळा स्वेटर कपाटातून काढून बाहेर वाऱ्याला टाकायची.

कारण खरं सांगायचं तर त्या खुर्चीवर तिचा जीव होता. वर्षभर तिच्या दारात येणारी माणसं म्हणजे गुरांचा व्यापारी आणि चर्चचा पाद्री. एक तिच्या गाईंकडे बघायचा, दुसरा तिच्या आत्म्याकडे. तिच्याकडे कुणी बघत नसे. पण मार्चातल्या त्या मंगळवारी सगळं गाव एकेक करून तिच्यासमोर येऊन उभं राहायचं, नाव सांगायचं, आणि ती बोट ठेवील तिथं सही करायचं. त्या एका दिवसाच्या जोरावर ती बाकीचं वर्ष काढायची. आणि ती खुर्ची तिनं स्वतःच्या तोंडानं घालवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी तिला आशा होती. नवी आहे, चुकली असेल, कुणीतरी सांगेल तिला, आणि येईल ती परत. फोन वाजला की आर्डिस आधी केस सारखे करायची आणि मग उचलायची. कधी दवाखाना असायचा, कधी कुणी छपराला पन्हळ विकणारा. डार्ला काही आली नाही.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीला बसली असताना मर्नानं बातमी सांगितली. मर्ना ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. वाईट बातमी सांगताना मर्नाचा चेहरा इतका दुःखी व्हायचा, की तिला किती मजा येतेय हे लगेच कळायचं.

"तुझ्या जागी टॅमीला घेतलीया."

"कंची टॅमी?"

"आयोवाची. पुलापल्याड ऱ्हाते ती. डार्लानं इचारलं, बसतीस का. तर ही म्हनली, व्हय, बसते की, मला आवडंल."

"कितव्यांदा इचारल्यावर?"

"पयल्यांदाच."

टेबलाभोवतीच्या बायकांनी कप खाली ठेवले. कुणाची पोरगी पळून गेली असती तरी एवढी शांतता झाली नसती.

"आवडंल म्हनली?" पलीकडची एक म्हातारी म्हणाली. "आसं तोंडानं म्हनली?"

"तोंडानं."

टॅमीला शेजारच्या आयोवा राज्यातून व्हेस्बीत येऊन बारा वर्षं झाली होती. पूर आला तेव्हा सगळ्यांच्या तळघरांतलं पाणी तिनं आपला पंप फिरवून काढलं होतं. पण 'मला आवडेल' म्हणणाऱ्या बाईला गावानं अजून आयोवाचीच ठरवलं होतं आणि पुढेही ठरवणार होतं.

यात नुसता मानाचा प्रश्न नव्हता. व्हेस्बीची माणसं छाती फुगवून सांगतात, आमच्या गावात पक्ष नाहीत. नोव्हेंबरातल्या मोठ्या निवडणुकीत दोन्ही पक्ष आपापल्या पंचांच्या याद्या पाठवतात, टेबलावर दोघांचीही माणसं बसवावी लागतात, एकानं दुसऱ्यावर डोळा ठेवायचा. मार्चातली गावची निवडणूक पक्षाविना. तिथं ते काही बंधन नाही. गावच्या मंडळानं, म्हणजे खरं तर चिटणिसानं, वाटेल त्याला बसवावं. आम्ही काय एकमेकांवर पाळत ठेवायची माणसं आहोत का, असं ही मंडळी एकमेकांवर पाळत ठेवता ठेवता म्हणतात.

कारण व्हेस्बीत दोन चर्च आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. दोन्ही ल्यूथरन पंथाची, दोन्ही पांढरी, दोन्हींची छपरं एकाच सुतारानं घातलेली. प्रार्थना नॉर्वेजियनमध्ये म्हणायची की इंग्रजीत यावरून पणजोबांच्या वेळी भांडण झालं आणि गाव फुटलं. आज दोन्हीकडे कुणालाच नॉर्वेजियनचं अक्षर येत नाही, पण उत्तरेची पोरगी दक्षिणेत दिली की अजून आजी आजारी पडते. तेव्हा कुठंही लिहून न ठेवता टेबलावरच्या तीन खुर्च्या ठरून गेल्या होत्या. एक उत्तरेची, ती ऑर्विलची. एक दक्षिणेची, ती आर्डिसची. आणि तिसरी लिओ यिरिक या कॅथलिक म्हाताऱ्याची, कारण दोन्हीकडच्यांचा एकमेकांपेक्षा कॅथलिकावर जास्त विश्वास. हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. डार्लाला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे आधी कबूल करावं लागलं असतं.

आणि औंदा तर लढत होती. मंडळावर वर्षानुवर्षं बसलेला उत्तरेचा हार्लन बाके पुन्हा उभा होता आणि त्याच्यासमोर दक्षिणेचा ग्लेन. वाद सगळा रस्त्यावरच्या खडीचा. हार्लनच्या दारापुढं खडी इतकी, की कोंबड्यांना चालता येईना. ग्लेनच्या वाटेवर मार्चात ट्रॅक्टर रुतायचा. ग्लेन म्हणत होता, हा अन्याय आहे. म्हणजे खडी आपल्या दारात पडायला पाहिजे.

"तू फोन कर तिला," मर्ना म्हणाली. "सांग, माझ्या मनात हाय म्हनून."

"मी? मी तोंडानं मागू?"

"मग मी सांगू का तिला?"

"नको गं, कशाला उगीच," आर्डिस म्हणाली आणि मर्नानं पुन्हा विचारायची वाट बघत कपात चमचा फिरवत बसली.

मर्नानं विचारलं नाही. जन्मभर 'नको'चा अर्थ 'हो' समजणाऱ्या मर्नाला नेमकं त्याच दिवशी 'नको' म्हणजे 'नको' वाटलं. बाईला ती खुर्ची स्वतःलाच पाहिजे होती. आर्डिसला ते घरी जाताना गाडीत कळलं आणि तिनं गाईंसमोर काढायचा एक शब्द तिथंच काढला.

निवडणुकीचा मंगळवार उजाडला तो भुरभुर गारा घेऊन. वरून गारा, खालून चिखल. जमिनीतलं बर्फ सुटायला लागलं की व्हेस्बीचे रस्ते लापशीसारखे होतात. काळी माती टायरला धरते ती सोडत नाही आणि वर खोल चाकोऱ्या पडतात. आर्डिसनं ठरवलं होतं, अगदी शेवटी जायचं, मत टाकायचं आणि कुणाशी न बोलता निघायचं. आणि दार उघडायच्या आधीच ती तिथं हजर होती, निळा स्वेटर घालून. माणसाचा पाय जातो तिकडं माणूस जातो.

गावची कचेरी म्हणजे एका खोलीची जुनी शाळा. आत शेगडी पेटवलेली, फळ्यापुढं टेबल, टेबलावर मतपेटी, आणि तीन खुर्च्या. एकीवर लिओ डुलक्या घेत होता. एकीवर, आर्डिसच्याच, टॅमी बसली होती. तिनं आर्डिसला बघून हात हलवला. आर्डिसनं मान हलवली, पण कुठल्या बाजूला ते तिचं तिलाच कळलं नाही. तिसरी खुर्ची रिकामी होती. भिंतीकडेनं दोन्ही चर्चची माणसं बर्फाचे बूट आपटत उभी होती, उत्तरेची उत्तरेकडच्या भिंतीला आणि दक्षिणेची दक्षिणेकडच्या. पक्ष नव्हतेच ना गावात.

डार्ला फोन खाली ठेवून वळली.

"ऑर्विल येत न्हाई. त्याच्या गाईचं वासरू आडवं आलंय, हात कोपरापोतर आत हाय म्हनतो. आता तीन पंच असल्याबिगार मला मतदान सुरू करता येत न्हाई. हार्लन अन् ग्लेनच्या घरची मानसं चालनार न्हाईत, उमेदवाराचा नातलग नको. बाकी कुनी बी चालंल. शपथ घ्यायची अन् बसायचं. कोन बसतंय?"

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. बूट पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

डार्लानं उत्तरेच्या भिंतीकडं बघितलं. तिथं सगळ्यात पुढं डेलोरिस उभी होती, उत्तरेच्या चर्चमधली मोठी बाई. तिनं कोटाची बटणं केव्हाच सोडून ठेवली होती, बसायला सोपं जावं म्हणून.

"डेलोरिसबाई, तुमी?"

"माझ्यापरीस शानी मानसं हायत की हितं."

"बरं," डार्ला म्हणाली आणि पुढं सरकली.

डेलोरिसचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेजारच्या भावानं तिला कोपरानं ढोसलं, पण आता काय उपयोग.

"मर्नाबाई?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

"बरं. तुमी?"

"माझा गुडघा दुखतो." बसण्याच्या कामाला गुडघा कशाला लागतो हे त्यालाच ठाऊक.

"बरं. अन् तुमी?"

"बघा आधी कुनी मिळतंय का."

"मिळत न्हाई म्हनून तर इचारते. बसता का न्हाई?"

"न्हाई म्हंजे... तसं न्हाई."

"बरं."

असं करत ती दोन्ही भिंती फिरली. ज्याच्यावरून ती पुढं गेली त्याचं थोबाड उतरलं, आणि ज्याच्यापुढं आली त्यानं मागच्याकडं बघूनही अक्कल घेतली नाही. बसायची इच्छा प्रत्येकाच्या नाकावर बसली होती, पण हो म्हणायला कुणाची जीभ उचलेना. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. हार्लन शेगडीजवळ घामेजला होता, ग्लेन घड्याळ बघत होता, आणि उमेदवार असल्यामुळं दोघांनाही बोलता येत नव्हतं.

एकट्या आर्डिसला डार्लानं विचारलंच नाही. तिच्यासमोर आली, निळ्या स्वेटरवरून तिची नजर गेली, आणि ती पुढच्या माणसाकडं वळली. फेब्रुवारीत नाही म्हणाली होती ना बाई. मग म्हातारीला पुन्हा कशाला त्रास. त्यात डार्लाचं कपट नव्हतं, आणि म्हणूनच ते आर्डिसला जास्त लागलं. आपण इथं उभ्या आहोत आणि आपल्याला आता जन्मात कुणी विचारणार नाही, हे तिला एकदम स्वच्छ दिसलं. पुढच्या मार्चातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

"मग मी कुलूप लावते," डार्ला म्हणाली, "अन् जिल्ह्याला कळवते, व्हेस्बीत निवडनूक झाली न्हाई, मानसं मिळाली न्हाईत."

निवडणूक बुडाली तरी चालेल, रस्ते रुतले तरी चालतील, पण 'मी बसतो' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले तर पणजोबा थडग्यात उठून बसतील. डार्लानं खरोखरच किल्ली हातात घेतली.

"मी बसते," आर्डिस म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला, की तिलाच वाटलं कुणी ऐकला नसेल. पण सगळ्या माना वळल्या होत्या.

"तुमी?" डार्ला म्हणाली. "तुमी तर न्हाई म्हनला हुता मला."

"म्हनले हुते."

"नजर धड न्हाई म्हनला."

"नजरंला काय धाड भरलीया. खोटं बोलले मी." आर्डिसचे कान तापले होते, पण आता थांबणं नव्हतं. "मला बसायचंय. तवा बी बसायचं हुतं, आता बी बसायचंय. मला आवडतं."

दक्षिणेच्या भिंतीकडून कुणीतरी नाकानं श्वास ओढला. मर्नानं डोळे मिटून घेतले, जसं काही आर्डिसनं सगळ्यांदेखत लुगडं सोडलं होतं.

डार्ला मात्र तिच्याकडं बघतच राहिली. "आवं, मग तवाच सांगायचं न्हाई का? मी त्या दिवसापासनं मानूस हुडकत हुते."

"आमच्यात आसंच असतंय," आर्डिस म्हणाली. "मूर्खपना हाय. तू शिकू नगंस."

लिओ जागा झाला होता. त्यानं पायानं रिकामी खुर्ची मागं सरकवली. "ये, आर्डिस. भीड भिकेची भन. आमच्यात पापं कबूल करून मोकळं होत्यात, तुमी ती लोनच्यावानी मुरवता."

आर्डिस टेबलाकडं निघाली, तेवढ्यात डेलोरिसला राहवलं नाही.

"पन ती खुर्ची उत्तरंची..."

"काय उत्तरंची?" डार्लानं विचारलं.

डेलोरिसनं हार्लनकडं बघितलं, हार्लननं छताकडं. गावात पक्ष नव्हते. गावात कधीच पक्ष नव्हते.

"काय न्हाई," डेलोरिस म्हणाली. "वारं उत्तरंचं हाय, म्हनत हुते."

आर्डिसनं उजवा हात वर करून शपथ घेतली आणि बसली. टॅमीनं सह्यांचं पुस्तक तिच्यापुढं सरकवलं. "बरं झालं बाई तुमी आलासा. मला सगळ्यांची नावं ठाऊक न्हाईत, अन् इचारलं की मानसं रागावत्यात."

"रागावू देत," आर्डिस म्हणाली. "इचारायचंच असतंय."

पहिली आली डेलोरिस. ती आणि आर्डिस याच खोलीत, याच फळ्यापुढं एका बाकावर शिकल्या होत्या.

"नाव?" आर्डिसनं विचारलं.

"तुला म्हाईत न्हाई व्हय माझं नाव?"

"मोठ्यानं सांगायला लागतंय. कायदा हाय."

डेलोरिसनं नाव सांगितलं. आर्डिसनं ते शोधायला जरा जास्तच वेळ लावला.

मर्ना आली तेव्हा खाली वाकून कुजबुजली, "तुझं चांगलं म्हनूनच सांगते. बरं दिसलं न्हाई ते. तू मागून घेतलंस, समद्या गावादेखत."

"घेतलं," आर्डिस म्हणाली. "सही हितं कर."

संध्याकाळी पेटी उघडली. हार्लन बाके निवडून आला, दरवेळी येतो तसाच. ग्लेननं त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि बाहेर जाऊन आपल्याच टायरला लाथ घातली. खडी पुन्हा कोंबड्यांच्या पायाखाली पडणार हे नक्की झालं. ऑर्विल फोनवर म्हणाला, वासरू जगलं, आणि आपल्या खुर्चीत दक्षिणेची बाई बसली हे ऐकून त्यानं फोन ठेवून दिला. उत्तरेच्या बायका कोपऱ्यात ठरवत होत्या, की आर्डिस क्वाले हावरट आहे. दक्षिणेच्या बायका दुसऱ्या कोपऱ्यात तेच ठरवत होत्या. बऱ्याच वर्षांनी दोन्ही चर्चचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

मग कॉफी झाली आणि खजुराच्या वड्यांचं ताट फिरलं. फिरता फिरता ताटात शेवटची वडी उरली. शेवटची वडी व्हेस्बीत कुणी खात नाही. कुणीतरी सुरीनं तिचा अर्धा तुकडा घेतं, मग कुणी त्या अर्ध्याचा अर्धा, मग पाव, मग नखाएवढा, आणि शेवटी उरतो तो चुरा सगळ्यांदेखत कोंबड्यांना जातो. सगळ्यांचे डोळे त्या वडीवर होते. डेलोरिसचा हात सुरीकडं निघालाच होता.

आर्डिसनं ताट आपल्याकडं ओढलं. दिवसभर बसून तिची पाठ अवघडली होती, आणि तिला भूक लागली होती.

"कुनाला पाहिजे का ही?" तिनं विचारलं.

"नको, नको," मर्ना म्हणाली.

"आमचं झालं," डेलोरिस म्हणाली.

"कशाला उगीच," कोपऱ्यातून आणखी कुणीतरी म्हणालं.

"बरं," आर्डिस म्हणाली, आणि अख्खी वडी उचलून तिनं तोंडात टाकली.